मागच्या पंगतीची वहिनी

वहिनी, परवा नदीकाठी तुझं पान सगळ्यांच्या आधी वाढलं.

केळीच्या पानावर भात, वरण, पुऱ्या, गंगाफळाची भाजी, खीर, भजी, आणि तुला आवडायचा म्हणून हिरव्या मिरचीचा ठेचा. आम्ही पुरुषमंडळी लांब, उन्हात, हात जोडून उभे. तुझं झाल्याशिवाय आम्हाला घोटभर चहासुद्धा नाही, असा नियम. या घरात तू नांदायला आलीस त्याला किती वर्षं झाली! एवढ्या वर्षांत तुझं पान आधी आणि आमचं नंतर, ही व्यवस्था घराला पहिल्यांदाच जमली. त्यासाठी तुला मरावं लागलं, एवढीच काय ती अडचण.

कावळे तर गुरुजी बाजूला व्हायच्या आत उतरले. इतरांच्या वेळी किती वाट बघायला लावतात, माणसं गयावया करतात, 'तुमच्या पोरांचं लग्न करून देऊ' म्हणून शब्द देतात. तुझ्या पानावर मात्र नुसती झुंबड. मंडळी गहिवरली. "समाधानानं गेल्या हो," एक पाहुणा म्हणाला, "कसली म्हणून इच्छा मागे राहिली नाही." आपल्या नानांनी, म्हणजे तुझ्या नवऱ्याने आणि माझ्या थोरल्या भावाने, डोळ्यांना रुमाल लावला. आणि मला हसू फुटलं. नको तिथे हसण्याची माझी खोड तुला माहीतच आहे. मी उपरण्यात तोंड खुपसलं. लोकांना वाटलं, दीर वहिनीसाठी हमसून रडतोय. नंतर रडलोही. पण आधी हसलो. इच्छा कसली, पाहुणे? बाईला भूक लागली होती!

हे मी तिथे बोललो नाही. मंडप आणि लाउडस्पीकरचा माझा धंदा. लग्नात नवरदेवाच्या मामाला शोधायचं असो नाहीतर कबड्डीच्या मैदानावर गर्दीला ओरडायला लावायचं असो, जामनेर ते पहूर माझाच आवाज घुमतो. आणि तुझ्या दहाव्याला माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून आता बोलतोय. तू मध्येच तोडणार नाहीस, "पोपट, बस कर" म्हणणार नाहीस. बोलायला अशी वाईट सोय मला कधी मिळाली नव्हती.

पोपट हे नाव तूच ठेवलंस. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी शाळकरी कार्टं होतो, सतत बडबडणारा. तू शिंदखेड्याकडची. 'आहे'ला तुझं 'शे' ऐकून इथल्या बायका पदराआड हसायच्या आणि मी तर उघड नक्कल करायचो. "वहिनी, भाकरी शे का?" परातीत भाकरी थापता थापता, मान वर न करता तू म्हणायचीस, "शे ना, पोपट. तुन्हाकरताच शे." सगळ्या बायका इथलं बोलायला शिकल्या, तू शिकली नाहीस. तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही बाई गोड आवाजात आपलंच खरं करणार.

तुझी दोन वाक्यं घराला पाठ होती. एक, पुरुषांची पंगत उठली की दारातून विचारायचीस ते: "बठ्ठा जेवनात का?" सगळे जेवले का. आणि दुसरं, कधीमधी कोणी चुकून तुला विचारलं तर त्याचं उत्तर: "मना पोट भरेल शे." माझं पोट भरलेलं आहे. कशानं भरलंय, कधी भरलं, हे या घरात कोणीच विचारलं नाही. भांड्याच्या तळाची खरवड, सकाळची वाळलेली भाकरी चहात बुडवून, ताकाचं धुवण. त्याला जेवण हे नाव तू दिलंस आणि आम्ही ते मान्य करून टाकलं. घरातल्या माणसांना पटवायला तुला कधी माईक लागला नाही.

आता हर्षूचं बोलू. तू असतीस तर एव्हाना म्हणाली असतीस, "मनं काय सांगस, पोरनं सांग."

हर्षाली माझी पोर, पण तिला वाढवलंस तू. तुझे दोघे मुलगे नोकरीसाठी पुण्याला गेले आणि घरात लाड करायला ही एकच उरली. तुला 'मोठी आई' म्हणायची. आठवीत ती शाळेच्या मैदानावर पळायला लागली ती थांबेचना. तीन हजार मीटर. मला एवढं अंतर स्कूटरवर जायचं तरी कंटाळा. पहाटे सराव, संध्याकाळी सराव, आणि मधे शाळा. शाळेचे सर तिला म्हणायचे, "वजन वाढू देऊ नकोस, हलकी राहा, हलकी पळशील." पोर शहाणी, सरांचं ऐकणारी. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायची. तू ओरडलीस की म्हणायची, "शाळेत खाल्लंय, मोठी आई. पोट भरलंय." तू समजायचीस, खोटं बोलते. पण ते खोटं ती कोणाच्या शाळेत शिकली, हे तुझ्या लक्षात आलं नाही.

मग ते नवरात्र आलं. जळगावच्या मैदानावर जिल्ह्याच्या स्पर्धा, आणि माईकवर कोण? मीच. तुला मी माझ्या टेबलाजवळ खुर्ची दिली होती, स्पीकरच्या बाजूला, पाहुण्यांसारखी. हर्षू पुढे होती. मी रंगात आलो. "मंडळी, बघा, जामनेरची वाघीण! वळणावर आली! आता बघा कसा वेग पकडते..." आणि वाघीण झोकांड्या खायला लागली. दारू प्यायलेल्या माणसासारखी एकदा आत गेली, एकदा बाहेर, आणि वळणावरच आडवी झाली. मी माईक टेबलावर टाकून पळालो. चालूच राहिला तो. त्या चालू माईकमधून अख्ख्या मैदानाने तुझी किंकाळी ऐकली:

"पोर उपाशी शे रे! तिले नवरात्रना उपास शे!"

मग पायऱ्यांवरून कोणीतरी शांतपणे विचारलं, "मग पळवली कशाला?"

त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही, आवाज अजून ऐकू येतो. तू देवीला बोलली होतीस, पोर जिंकू दे, नवरात्र कडक करू. आणि तुझं म्हणणं असं की पळणं पोरीचं, मागणं पोरीचं, तर उपासही पोरीनेच करायला हवा. दुसऱ्याने करून देवीला फसवायचं नाही. म्हणजे पोरीच्या पायात बळ यावं म्हणून पोरीच्याच पोटातला घास काढून देवीपुढे ठेवायचा. वहिनी, असलं डोकं फक्त आपल्याच घरात चालतं. तू स्वतःही नऊ दिवस उपाशी होतीस, हे वेगळं सांगायला नको. तू उपाशी असणं ही बातमी कधी नव्हतीच. सर खूश होते, पोर हलकी होतेय म्हणून. तू खूश होतीस, पोर श्रद्धाळू आहे म्हणून. मी खूश होतो, माझ्या हातात माईक आहे म्हणून.

सलाइन लावणाऱ्या डॉक्टरांनी आपल्याला एका आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. त्या वयाने एवढ्याशा, हर्षूची थोरली बहीण शोभाव्यात. त्यांच्यासमोर तू ठेवणीतली शुद्ध मराठी काढलीस, जी तू फक्त बँकेत आणि कीर्तनकारांशी बोलायचीस.

"संध्याकाळी सरावाहून कधी येते?" मॅडमनी हर्षूला विचारलं. उत्तर तू दिलंस.

"दिवेलागणीला येते."

"आल्या आल्या जेवते?"

"नाही हो. जेवते मागच्या पंगतीला, आम्हा बायकांबरोबर."

"मागची पंगत कधी बसते?"

"नाना उठले की."

"नाना कोण?"

"हिचे मोठे काका," मी म्हणालो.

"तेही धावतात का?"

तू पदर तोंडाशी धरून फिसकन हसलीस. "नाना? ओट्यावरून पाटावर येतात, तेवढंच त्यांचं पळणं."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग जी पळून आली तिने, जे पळाले नाहीत त्यांच्यासाठी का थांबायचं?"

तुझं हसू तिथेच राहिलं, पदराआड.

मग मला बाहेर बसायला सांगितलं. पण दार पातळ होतं आणि माझे कान धंद्याचे. मॅडम पाळीबद्दल विचारत होत्या. बरेच महिने आलेली नव्हती. तू म्हणालीस, "पळणाऱ्या पोरीला ते बरंच ना, मॅडम. कटकट नाही." त्यावर मॅडम जे बोलल्या ते मी कुठल्या माईकवरून कधी बोलू शकणार नाही, पण विसरणारही नाही. "काकू, शरीराला पुरेसं मिळत नाही ना, की ते एकेक दुकान बंद करत जातं. हे पहिलं बंद झालंय. पुढचा नंबर हाडांचा."

आत बोलावल्यावर त्यांनी हर्षूशीच बोलायला सुरुवात केली, तुझ्याशी नाही, माझ्याशी नाही. सरावाला जायच्या आधी एक केळं. आल्याबरोबर जेवण, कोणासाठी थांबायचं नाही. भाकरी, डाळ, भाजी पोटभर. दही, शेंगदाणे, मोडाची मटकी. चालत असतील तर अंडी. पळायच्या दिवसांत उपास नाही. आणि भाकरी मोजायची नाही, भूक ओळखायची. "हलकं व्हायचं नाहीये तुला," त्या म्हणाल्या, "भक्कम व्हायचंय."

"आणि देवीचं काय?" तू विचारलंस. शुद्ध मराठीत, पण आवाजात धार.

"देवीच्या हातात किती शस्त्रं असतात, काकू," मॅडम म्हणाल्या. "ती उपाशीपोटी पेलत असेल, असं वाटतं तुम्हाला?"

परतीच्या एसटीत तुझा पारा काय वर्णावा! "कालनी पोर मले शिकाडस!" नेरीचा थांबा येईपर्यंत तू हेच म्हणत होतीस. खिडकीबाहेर केळीच्या बागाच बागा, आख्खा जिल्हा केळी पिकवतो, देशभर पाठवतो, आणि आपली पोर पहाटे रिकाम्या पोटी पळायला जात होती. मी हे बोललो तर तू माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस.

आणि मग एका संध्याकाळी तू ते केलंस. नाना पाटावर बसलेले, ताटाची वाट बघत. हर्षू सरावाहून आली, घामाने निथळत, हातपाय धुऊन. तू तवा उतरवलास, गरम भाकरी, वरणाची वाटी, दही घेतलंस, आणि नानांच्या पुढून ताट नेऊन हर्षूपुढे ठेवलंस. माझी बायको आशा चुलीपाशी थिजली. मी अंगणात वायर गुंडाळत होतो, वायर हातात तशीच राहिली.

"हे काय नवीन?" नाना म्हणाले.

तू भाकरी मोडून तिच्या वरणात टाकलीस, वर न बघता म्हणालीस, "ती पयीसन येल शे. तुम्ही वट्टावर बसेल व्हतात."

ती पळून आलीये, तुम्ही ओट्यावर बसला होतात! वहिनी, मी आयुष्यात इतके जाहीर कार्यक्रम केले, इतक्या टाळ्या घेतल्या, पण एका वाक्यात सभा एवढी गार केलेली मी बघितली नाही. नाना पाणी प्यायले. त्यानंतर या घरात पहिलं ताट हर्षूचं असायचं, आणि विशेष म्हणजे आकाश काही कोसळलं नाही.

अंड्यांचं नाटक तर मी अजून रंगवून सांगतो. आपल्या स्वयंपाकघरात अंडं येणं शक्यच नव्हतं. मग माझ्या मंडपाच्या गोदामात, बांबू आणि झालरींच्या मागे, एक स्टोव्ह आला, एक पातेलं आलं. अंडी उकडणार मी. आणि हर्षू बसणार कुठे? तर लग्नातल्या नवरीच्या सोनेरी सिंहासनावर, लाल मखमलीवर, मांडी घालून, अंड्याला मीठ लावत. तू गोदामाच्या दारात यायचीस, नाकाला पदर लावून, आत पाऊल न टाकता. "खादं का तिनी?" "खाल्लं, खाल्लं." "पूर्ण?" "पूर्ण." मग तशीच नाक धरून परत. तू आत आली नाहीस आणि कधी चुकलीही नाहीस.

सरांकडेही तू गेलीस. मैदानावर, चप्पल फटफट वाजवत. काय बोललीस ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर त्यांनी 'हलकी' हा शब्द टाकला आणि पोरींना दप्तरात केळं आणायला सांगू लागले.

हर्षूला आधी भूक लागलेली कळायचीच नाही, मॅडमनी सांगितलं होतं तसं. सवयच मोडली होती. तू तिला समोर बसवून शिकवायचीस: भूक लागली की बोलायचं. लाजायचं नाही. कोणासाठी थांबायचं नाही. 'पोट भरलंय' म्हणायचं नाही, पोट खरंच भरल्याशिवाय. केवढी शहाणी शिकवण! आणि ही शिकवण देणारी बाई स्वतः मागे उभी, हातात पळी, पोरीचं जेवण झाल्यावर नानांचं, मग माझं, मग पाहुण्याचं, मग आशाचं, आणि मग कोणी विचारलंच तर... तेच तुझं पाठ केलेलं वाक्य. इथेच आपलं भांडण सुरू झालं, आणि ते संपलं नाही. आता संपणारही नाही, कारण तू उठून गेलीस.

आठवतं, त्या श्रावणातलं? आपल्याकडे कानबाई देवी बसायची होती. तिच्या नैवेद्याच्या रोटांच्या दळणासाठी तू पाट मांडून गव्हाची परात घेऊन बसली होतीस. आपली रीत अशी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. नानांची, माझी, पुण्याच्या दोघांची, आणि पुण्याहून आलेल्या रांगत्या नातवाचीही. बायकांच्या नावाने नाही. बायकांनी निवडायचं, धुवायचं, चक्कीवाल्याला चक्की पुसून ठेवायला सांगायचं, रोट करायचे. खातातही बायका. पण नाव नाही. तुझ्या मुठी टाकून झाल्या, तू दाराकडे पाहिलंस, आणि पटकन आणखी एक टाकलीस. मी दाराआड होतो. मला सगळीकडून प्रवेश घ्यायची सवय.

"ही कोणाची गं?"

तू दचकलीस, मग हसलीस. "पोरनी."

"चालतं?"

"कानबाई बी बाईच शे ना, पोपट."

मी तुला हात जोडले, अगदी कमरेत वाकून, नाटकात करतात तसे. आणि विचारलं, "मग तुझी मूठ?"

तू परात उचललीस. "मी कोठे पयस?"

मी कुठे पळते! वहिनी, पहाटे चूल, मग विहिरीवरून पाणी, मग शेतावर डबा, मग पापड, मग रात्रीची भांडी. पळत नव्हतीस, तर काय करत होतीस? तुझ्याच वाक्याने तुला हरवायचं मला तेव्हा सुचलं नाही. आज सुचतंय. तुझ्याशी भांडायचे सगळे चांगले मुद्दे मला तू गेल्यावर सुचत आहेत.

हर्षू त्या वर्षी जिल्ह्यात दुसरी आली. शेवटच्या फेरीत मागून आली, पाय नीट पडत होते, चेहऱ्यावर रंग होता. मी माईकवर फक्त तिचं नाव घेतलं, बाकी काही बोललो नाही. आणि तू टेबलाशेजारच्या खुर्चीत बसून रडत होतीस आणि डब्यातला शेंगदाण्याचा लाडू तिच्यासाठी काढून हातात धरून बसली होतीस. तो लाडू तूच केलेला. एकदा तरी, चवीपुरता, तोंडात टाकलास का? मी बघत होतो. नाही टाकलास.

ती धावत राहिली, मॅडमकडे जाणं चालू राहिलं. एकदा मॅडमनी हर्षूला तपासलं, मग तुझ्याकडे वळल्या, तुझी पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली. "काकू, तुमचं रक्त तपासायचंय. आजच." तू म्हणालीस, बरं. मी तुला शेजारच्याच लॅबमध्ये नेलं. दुपार झाली होती. लॅबवाल्या पोराने कागद बघितला, म्हणाला, "उद्या सकाळी या, काकू. उपाशीपोटी यायचं."

आणि तू म्हणालीस, "मी तं आत्ते बी उपाशीच शे."

सगळे हसले. लॅबवाला हसला, खुर्चीत बसलेले दोन पेशंट हसले, हर्षू हसली. मी सर्वांत मोठ्याने हसलो, कारण मला वाटलं, अरे वा, वहिनीने मस्त टाकला. अख्ख्या आयुष्यात तू एकदाच खरं बोललीस, आणि तेही इतकं मजेत की आम्ही टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं, पीठ घाटायचं होतं. मग पाहुणे. मग कोणाचं तरी बारसं. "जासू ना, पोपट. मले काय व्हयेल शे?" मी किती वेळा चिडलो, मॅडमनी किती वेळा फोन केला, तू रक्तवाढीच्या लाल गोळ्यांचं पाकीट देवघरात ठेवलंस, जणू काही गोळ्यांचाही नैवेद्य. हर्षूला गोळी द्यायची तू विसरली नाहीस. स्वतःची मात्र रोज विसरायचीस. विसरणं नव्हतं ते, वहिनी. तुझी समजूत होती की तुझ्या वाटणीचं जे काही वाचेल, ते आपोआप पोरीला पोचतं.

नाही पोचत गं. एवढं साधं तुला कळलं नाही? एक जण उपाशी राहिल्याने दुसऱ्याचं पोट भरत नाही. नवरात्रात मैदानावर तू हे डोळ्यांनी बघितलंस, पोरीपुरतं मान्यही केलंस, स्वतःपुरतं कधीच नाही.

तू चुलीपाशीच पडलीस. भाकरी तव्यावर होती, ती जळल्याचा वास आला म्हणून आशा धावली. जळगावला नेईपर्यंत तू हर्षूचं डोकं कुरवाळत होतीस, म्हणजे ती तुला धरून बसलेली आणि तू तिला शांत करत होतीस. डॉक्टर बाहेर आले आणि जे म्हणाले ते मी तुला सांगतो, कारण घरात कोणी ते पुन्हा उच्चारलं नाही. म्हणाले, "अंगात रक्तच नव्हतं हो. किती दिवस असं चाललं होतं?" नाना म्हणाले, "ती तर जेवायची की. म्हणायची, पोट भरलंय."

मी तुझ्यावर रागावलोय. लोक येतात, म्हणतात, अन्नपूर्णा गेली. मला तो शब्द ऐकवत नाही. तुला अन्नपूर्णा म्हणून आम्ही तुझं ताट वाढायची जबाबदारी टाळली, आणि तू तो मान डोक्यावर घेऊन मिरवलास. दोघांनी मिळून केलं हे, तू आणि या घराने. आता दहाव्याला तुझ्यासाठी पुऱ्या तळल्या. कुरकुरीत होत्या, ऐकतेस ना? तुझ्या हातच्याइतक्या नव्हत्या, पण बऱ्या होत्या. कावळ्यांनी कौतुक केलं.

दहाव्याची माणसं पांगली तशी संध्याकाळी घर एकदम रिकामं झालं. हर्षू तुझ्या खाटेवर बसून होती. तू गेल्यापासून ती सरावाला गेली नव्हती, आणि काही खातही नव्हती नीट. चहा, बिस्किटाचा तुकडा, एवढंच. मी ताट घेऊन गेलो. वरण, भाकरी, दही. "खा, बेटा." ती ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, मना पोट भरेल शे."

वहिनी, ही पोर जन्मापासून जामनेरची, शाळेत प्रमाण मराठी, मोबाईलवर हिंदी, तुझं 'शे' तिने कधी उचललं नव्हतं. आणि आता अगदी तुझ्या सुरात, तुझ्यासारखी मान थोडी बाजूला करून. चेहरासुद्धा उतरलेला. मला ती वळणावरची झोकांडी आठवली. वाटलं, हे एक वाक्यच तर राहिलं होतं तुझं या घरात, तेही तू हिला देऊन गेलीस की काय?

मी खाली बसलो. तिला सव्वा मुठीची गोष्ट सांगितली. तिला माहीतच नव्हती. तू कसं दाराकडे बघितलंस, कशी पटकन मूठ टाकलीस, कानबाई बी बाईच शे म्हणालीस, सगळं नक्कल करून सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज फुटला, पण नक्कल सोडली नाही. ती ऐकत होती. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला. वरणात बुडवला. खाल्ला. मग दुसरा. मी श्वास रोखून बघत होतो, जसं शेवटच्या फेरीत बघतो.

"यंदा तर आपल्याकडे कानबाई बसणार नाही," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी बसेल तेव्हा दळणात पहिली मूठ मोठ्या आईच्या नावाने टाकू. मी स्वतः टाकतो. नाना काय म्हणायचं ते म्हणोत."

मला वाटलं, ती हो म्हणेल, डोळे पुसेल. मी एवढा मोठा शेवट तयार केला होता.

हर्षू घास चावत राहिली. गिळला, आणि म्हणाली, "तिच्या नावाने आता कशाला? तिला कुठे खायचंय." मग पुढचा तुकडा मोडत, "आईच्या नावाने टाका, पप्पा. आई अजून जेवायची आहे."

आत तवा घासल्याचा आवाज येत होता. नाना जेवून ओट्यावर गेले होते. मी जेवलो होतो. पुण्याची दोन्ही मुलं जेवली होती. मी बसल्या जागेवरून हाक मारली, "आशा, जेवलीस का गं?"

आतून उत्तर आलं, "तुमचं सगळ्यांचं होऊ द्या. मला काही एवढी भूक नाही."

हर्षूने माझ्याकडे बघितलं. आपलं ताट उचललं आणि आत गेली. तवा घासायचा आवाज थांबला. मग तिचा आवाज ऐकू आला, नानांपुढून ताट नेताना तुझा होता तसा.

"आधी बस. मग बोल."